कणा मोडल्यानंतरचे आयुष्य
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





दरवर्षी या मेळाव्यात दहावीचा निकाल, शिष्यवृत्त्या आणि मुलींचे शिक्षण या विषयांवर भाषणे होतात, आणि ती झालीच पाहिजेत. यंदा चिटणीस साहेबांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली. मी विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, "सर, हा विषय डॉक्टरांचा नाही का?" त्यांची शंका रास्त होती. परंतु या विषयाचा पाव हिस्साच डॉक्टरांचा आहे. उरलेला पाऊण हिस्सा घरच्या माणसांचा, शेजाऱ्यांचा, शाळेचा आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याचा स्वतःचा आहे. म्हणून माझ्यासारखा बी.ए., बी.एड. झालेला साधा मास्तर त्यावर बोलायला उभा आहे.

आपल्या कोकणात माणूस झाडावर चढतो. आंबे उतरवायला चढतो, नारळ-सुपारी पाडायला चढतो, पावसाळ्यापूर्वी कौले शेकारायला छपरावर चढतो. आपली मुले आखातात जातात आणि इमारतींच्या परांचीवर उभी राहून काम करतात. सुट्टीत आली की मोटारसायकल उडवतात. लहान पोरे उन्हाळ्यात पाणी किती आहे हे न पाहता नदीच्या डोहात डोके खाली करून सूर मारतात. या प्रत्येक गोष्टीत एक धोका आहे, तो म्हणजे पाठीच्या किंवा मानेच्या मणक्यावर पडण्याचा. मणका हाड आहे, ते जुळून येते. पण मणक्यांच्या पोकळीतून जो मज्जारज्जू जातो तो एकदा चेंगरला की हाडासारखा जुळत नाही. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कमरेपर्यंत आलेली, सुमारे दीड फूट लांबीची, करंगळीएवढी जाड दोरी. हालचालीचे हुकूम तिच्यातून खाली जातात आणि स्पर्शाची, वेदनेची वर्दी तिच्यातूनच वर येते. इजा जेथे झाली त्याच्या खालचा कारभार थांबतो. मानेत इजा झाली तर हातही जातात; छातीच्या किंवा कमरेच्या मणक्यापाशी झाली तर हात शाबूत राहतात, पाय जातात. आणि ज्याविषयी घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही, ते लघवी-शौचावरचे नियंत्रणही जाते. रज्जू पुरता तुटला नसेल तर काही शक्ती परत येते, कोणाला थोडी, कोणाला बरीच. ती किती येईल हे पहिल्या आठवड्यात कोणीही छातीठोक सांगू शकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट विषय सोडून सांगतो, कारण ती तुमच्या हातची आहे. झाडावरून पडलेल्या माणसाला आपण काय करतो? चौघे धावतात, दोघे बगलेत हात घालतात, दोघे पाय धरतात आणि त्याची घडी घालून त्याला रिक्षात बसवतात. अर्धवट दुखावलेला रज्जू त्या दहा मिनिटांत पुरता जाऊ शकतो. असा माणूस श्वास घेत असेल आणि जागा धोक्याची नसेल तर त्याला हलवू नका. बसवू नका, उभे करू नका, पाणी पाजण्यासाठी मान उचलू नका. एकाने त्याचे डोके दोन्ही हातांनी धडाच्या रेषेत स्थिर धरावे, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. हलवणे भागच असेल तर चार-पाच जणांनी मिळून, लाकडाचा ओंडका वळवावा तसे सबंध शरीर एकदम वळवून, फळीवर किंवा काढलेल्या दारावर घ्यावे. एवढे लक्षात ठेवलेत तरी आजचा तुमचा तास वाया गेला नाही असे मी मानीन.

आता मूळ विषयाकडे येतो. ही इजा माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. प्राचीन इजिप्तमधील शस्त्रक्रियेच्या एका पोथीत तिची लक्षणे नेमकी लिहिलेली आहेत आणि पुढे हा उपचार न करण्याजोगा आजार आहे असा शेरा मारलेला आहे. तो शेरा जवळजवळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. पहिल्या महायुद्धात पाठीत गोळी लागून पाय गेलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले. गोळीने मेले नाहीत. अंथरुणाने पडलेल्या जखमा आणि लघवीच्या मार्गातून मूत्रपिंडापर्यंत गेलेला पू, या दोन गोष्टींनी मेले.

ही स्थिती पालटण्यात मोठा वाटा लुडविग गुटमान या मज्जाविकारतज्ज्ञाचा आहे. हा जर्मनीतील ज्यू डॉक्टर हिटलरच्या छळामुळे १९३९ साली इंग्लंडला आला. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात मणक्याच्या रुग्णांसाठी एक विभाग उघडून तो त्याच्या स्वाधीन करण्यात आला. त्याने कोणतेही नवे औषध शोधले नाही. रुग्णाला दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, कातडी तपासायची, मूत्राशय स्वच्छ ठेवायचे, एवढाच त्याचा प्रारंभ होता. मग त्याने त्यांना बसवले, कामाला लावले, खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले, त्याच दिवशी त्याने आपल्या आवारात चाकाच्या खुर्चीतील १६ माजी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. तिच्यातूनच पुढे आजची पॅरालिंपिक स्पर्धा उभी राहिली. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे ४०० खेळाडू जमले. जे वर्षभर जगणार नाहीत असे समजले जात होते, त्यांच्यातूनच हे खेळाडू आले.

इंग्लंडची ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, सर, ते इंग्लंड. म्हणून आता आपल्या घरात येऊ.

माझा एक मामेभाऊ २०११ च्या मे महिन्यात, बारावीची परीक्षा देऊन, आंब्यावरून पडला. छातीच्या अगदी खालच्या मणक्याला मार लागला. शहरातील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, मणक्याला पट्ट्या बसवल्या, आणि औषधांची यादी हातात देऊन त्याला घरी पाठवले. कातडीविषयी, लघवीविषयी, बसण्याविषयी एक अक्षर कोणी सांगितले नाही. घरी ओटीवरच्या खोलीत खाट टाकली गेली. नातेवाईक येत, सफरचंदे ठेवीत, डोळे पुशीत आणि त्याच्या देखत मामीला विचारीत, "आता याचं कसं होणार?" मामी त्याला चमच्याने भरवीत असत. त्याच्या दोन्ही हातांना काहीही झाले नव्हते, तरी भरवीत असत! तोंड धुवायला तांब्या-तस्त खाटेवर, चहा बशीत ओतून तोंडाशी. आईची माया होती ती, तिला मी नावे ठेवीत नाही. पण अठरा वर्षांचा मुलगा त्या मायेत आठ वर्षांचा झाला, आणि पुढे तर तो बोलेनासाच झाला.

तिसऱ्या आठवड्यात माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. घामोळे असेल म्हणून पावडर लावली. तेथे संवेदना नव्हती, त्यामुळे त्याला दुखले नाही. दुखले असते तर त्यानेच कूस बदलली असती. आपण सारे झोपेतही कूस बदलतो, ती या संवेदनेमुळेच. दोन महिन्यांत त्या डागाच्या जागी मूठ जाईल एवढी जखम झाली आणि ताप चढू लागला. ती जखम भरायला सात महिने गेले. ती पडलीच नसती तर ते सात महिने त्याच्या शिक्षणाचे होते.

मग कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याला मुंबईतील एका पुनर्वसन केंद्रात नेले. तेथे तो अकरा आठवडे राहिला. पहिल्या दिवशी त्याला नुसते बसवले तर डोळ्यांपुढे अंधारी आली, कारण इतके महिने आडव्या राहिलेल्या देहाला रक्त वर चढवण्याची सवय राहिली नव्हती. हळूहळू बसणे साधले. हातांच्या जोरावर अंग उचलणे साधले. खाट आणि खुर्ची यांच्यामध्ये गुळगुळीत फळी टाकून तिच्यावरून सरकत जाणे साधले. दांडीला लावलेल्या आरशात रोज सकाळी व रात्री स्वतःची पाठ पाहणे, खुर्चीत असताना दर अर्ध्या तासाने अंग उचलून किंवा पुढे झुकून कातडीला उसंत देणे, ही नमाजाच्या वेळेइतकी पक्की सवय त्याला लावली गेली. पहिल्यांदा स्वतःची पँट चढवायला त्याला चाळीस मिनिटे लागली. मामी मदतीला पुढे झाल्या तेव्हा तेथील व्यायामतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "अम्मा, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा." मामी बाहेर बसून रडल्या. आज त्याला पँट चढवायला पाच-सहा मिनिटे लागतात.

लघवीचा प्रश्न तेथेच सुटला, आणि मी तो स्पष्ट सांगणार आहे. लाजून गप्प बसल्याने माणसे मेलेली आहेत. कायमची नळी आणि पिशवी लावून ठेवणे हा एक मार्ग, पण त्यात जंतुदोषाचा धोका मोठा. दुसरा मार्ग असा की दिवसातून चार ते सहा वेळा, ठरलेल्या वेळी, स्वच्छ धुतलेल्या हातांनी स्वतःच एक बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी काढून ठेवायची. अमेरिकेतील जॅक लॅपिडिस या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिले की यासाठी शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकपणा लागत नाही, घरगुती स्वच्छता पुरते. ही पद्धत रुग्णाने अर्थातच डॉक्टरांकडून शिकूनच वापरायची आहे. पण एवढीशी नळी हाती आल्यावर माणूस घराबाहेर पडू शकतो, वर्गात बसू शकतो, बसने जाऊ शकतो. माझा मामेभाऊ तोवर कपडे नापाक होतील या भीतीने मशिदीकडेही वळत नव्हता. अशा माजूर माणसासाठी शरीअतीत सवलत आहे, बसून व इशाऱ्याने नमाज आहे, हे त्याला आपल्या मौलवी साहेबांनी घरी येऊन समजावले. मशिदीच्या पाच पायऱ्या मात्र अजून तशाच आहेत.

घरी परतल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. मोरीचे दार चोवीस इंचांचे आणि खुर्ची पंचवीस इंचांची! एका इंचासाठी हा मुलगा रोज दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहणार होता. गावच्या गवंड्याने चार दिवसांत दार बत्तीस इंचांचे केले, उंबरठे काढले, भारतीय पद्धतीच्या संडासाच्या जागी कमोड बसवला आणि भिंतीला लोखंडी दांडी लावली. या कामाला जेवढा पैसा लागला त्याच्या कितीतरी पट पैसा त्याआधी तेल-मालिशवाल्यांना, हाडवैद्यांना आणि एका जाहिरातबाज दवाखान्याला दिला गेला होता. पालकहो, हे कळकळीने सांगतो. अशा प्रसंगी "मूलपेशींच्या सुईने पाय परत आणतो" असे सांगणारे लोक घरापर्यंत येतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मज्जारज्जूच्या इजेवर मूलपेशींचा उपचार हा मान्य उपचार नाही. त्यावर केवळ संशोधन होऊ शकते, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कलमांची बाग विकण्यापूर्वी एवढे विचारा की हाच पैसा चांगल्या खुर्चीत, गादीत आणि मोरीच्या दारात घातला तर काय होईल.

एके दिवशी त्या घरात चहावरून भांडण झाले. हा चहा करायला ओट्याशी गेला. ओटा उंच, त्याने जमिनीवरची शेगडी मागितली. मामी म्हणाल्या, "भाजशील, पडशील. मी मेले की काय?" तो म्हणाला, "अम्मी, पडू दे. पडल्यावर खुर्चीत परत कसं चढायचं ते शिकलोय मी. तू मात्र मला पडू देत नाहीस." मी तेथेच होतो. मामी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून त्यांनी ओट्याला एक खालची पायरी काढून घेतली. तो पुढे बी. कॉम. झाला. आज बाजारपेठेतील नऊ दुकानांचे हिशेब तो संगणकावर ठेवतो आणि मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरवरून वसुलीला स्वतः जातो. पाय परत आलेले नाहीत. पाय परत येण्याची वाट पाहणे त्याने केव्हाच सोडले आहे. मी तर म्हणेन, त्या दिवसापासूनच तो कामाला लागला.

अशी मोठी माणसे आपल्या देशात झाली आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील तरुण डॉक्टर मेरी व्हर्गीस यांना १९५४ साली मोटार अपघातात ही इजा झाली. उभे राहून शस्त्रक्रिया करणे शक्य नाही, तर बसून करता येतील अशा शस्त्रक्रिया त्यांनी निवडल्या, आणि चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात सरळ केले. नंतर न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्र शिकल्या आणि परत येऊन वेल्लोरला त्याच विषयाच्या विभागप्रमुख झाल्या. मेजर हरिपालसिंग अहलुवालिया १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या शिखरावर उभे राहिले आणि त्याच वर्षीच्या युद्धात मणक्यात गोळी लागून खुर्चीत बसले. दिल्लीतील इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर हे त्यांचे काम. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हेही त्याच युद्धात जखमी झालेले जवान. पोहणे त्यांनी उपचार म्हणून सुरू केले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे छेचाळीस वर्षांनी! याविषयी मी अधिक बोलत नाही.

परंतु मला विशेष उल्लेख करावयाचा आहे तो कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचा. सोळाव्या वर्षी त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. आपल्यासारख्याच घरातील ही मुलगी. बंगलोरला बाबूकाका दिवाण नावाचे गृहस्थ, स्वतः खुर्चीत असून, कारखाना चालवीत असत. त्यांना पाहून तिने ठरवले की आपणही उठायचे. शिकल्या, सरकारी अबकारी खात्यात नोकरी केली, आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी राहिली. वसतिगृह काढले, अपंग आणि धडधाकट मुले एकत्र बसून शिकतील अशी शाळा काढली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन आपल्या वाचनालयात आहे. मागच्या वर्षी ते फक्त दोघांनी नेले, हे मी नोंदवहीत पाहिले. मुलींनी तर ते वाचावेच. मुलाच्या बाबतीत निदान औषधपाणी तरी होते. मुलीच्या बाबतीत पुष्कळदा खोलीचे दार लावून घेतले जाते आणि पाहुण्यांना सांगितलेही जात नाही.

पूर्वी आपण 'अपंग' म्हणत होतो, आता 'दिव्यांग' म्हणतो. शब्द बदलला याला माझा आक्षेप नाही. कायदाही बदलला आहे, आणि तो शब्दापेक्षा जास्त कामाचा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, सरकारी नोकऱ्यांत अशा व्यक्तींसाठी ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आहेत. प्रमाणपत्र काढण्यास पालक टाळाटाळ करतात, मुलावर शिक्का बसेल असे त्यांना वाटते. कृपया काढा. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. आपल्यापैकी कित्येकजण तिच्यासमोरून दर्ग्याला गेले असतील, पण ती इमारत कशाची आहे हे कोणी विचारलेले नाही.

आता अध्यक्ष महोदय, एक विनंती आपणास. आपल्या आठवीच्या वर्गातील एक विद्यार्थी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मोटारसायकलवरून पडला. तो खुर्चीत बसू लागला आहे. त्याचे नाव मी येथे घेत नाही, पण आपण सर्व जाणता. त्याचे वडील मला म्हणाले, "सर, आता शाळा कसली! घरी बसून थोडं शिकेल." मुलगा मात्र फोनवर विज्ञानाचा धडा कुठपर्यंत आला हे विचारतो. जूनमध्ये तो नववीत जाईल, आणि आपला नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. तो वर्ग खाली आणून पाचवीचा वर्ग वर नेता येईल. पाचवीच्या वर्गशिक्षिकांची संमती मी घेतली आहे. दर्शनी पायऱ्यांची एकूण उंची मी टेपने मोजली, ती अठरा इंच भरते. एक इंच चढाला एक फूट लांबी या हिशेबाने अठरा फुटांचा उतार लागेल. सायकली ठेवतो त्या बाजूला बावीस फूट जागा मोकळी आहे. मुलांच्या स्वच्छतागृहाच्या टोकाचे दार मात्र बत्तीस इंचांचे करावे लागेल, आणि आत एक कमोड. गवंडी कामाचा अंदाज लिहून मी चिटणीस साहेबांकडे दिला आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांनी सिमेंटचा भार उचलण्याचे कबूल केले आहे. शाळा १५ जूनला उघडते. काम एप्रिलच्या सुट्टीत झाले तर पावसापूर्वी ते वाळेल.

मुलाच्या वडिलांशी बोलण्याची जबाबदारी माझी. ते आज सभेला आले आहेत, मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांना मी सभेनंतर भेटतो.